सात हजार सहाशे

रूबेन ओहोळ गिटार घेऊन आला तेव्हा
मी एका मिक्सरची मोटर उघडून बसले होते.
"काकू, तीन पिकअपपैकी मधला बोलतच नाही,
आणि मानेजवळचा नुसता खरखरतो."
श्रमिकनगरात मला मोटरवाली म्हणतात.
गिटारशी माझा संबंध एवढाच,
की कुणीतरी त्याला सांगितलं होतं,
या बाईचा हात बारीक तारेला बसलाय.

अकरा स्क्रू. पांढरी पाटी उलटी केली
तर आत पंख्याचा रेग्युलेटरच निघाला हो:
तीन पॉट, एक खटका, एक कपॅसिटर,
आणि कुणीतरी घाईत दिलेले डाग,
कथील असं फुगलेलं, जसा भिजलेला साबुदाणा.
मानेजवळच्याची तार नुसती सुटली होती.
मधल्याला मीटर लावला.
काचेत डावीकडे एकटा एक.
म्हणजे आत तुटलीय, केसाहून बारीक तार,
कुठं ते तिलाही सांगता यायचं नाही.

"नवीन अडीच हजारांना पडतो," तो म्हणाला
आणि बाहेर रस्त्याकडं बघत राहिला.

बावीस वर्षं मी सातपूरला रिलेच्या कॉइली भरल्या.
मशीन नंबर सात. दिवसाला एकशे चाळीस.
लाइन बिघडली की टिक् करायचं आणि सगळं बंद,
एवढंच त्यांचं काम.
माझ्या हातच्या आठ-नऊ लाख
कुठल्या कुठल्या पॅनेलात बसल्यात,
बहुतेकींनी अजून तोंड उघडलेलं नाही.
कंपनी चाकणला गेली. मशीन गेली.
बोटं इथंच राहिली.

शिलाई मशीनची मोटर, पायाखाली पेडल,
वेढे मोजायला लेकीचा जुना कॅल्क्युलेटर:
चकतीवरचं लोहचुंबक समोरून गेलं
की 'बरोबर'चं बटण आपोआप दाबलं जातं.
एक अधिक एक. अधिक एक. अधिक एक.
सेहेचाळीस गेजची तार, चिमटीत फडक्याची चिंधी,
ताण बोटांनीच द्यायचा.
जास्त ओढली तर तुटते, कमी ओढली तर पोकळ बसते.
शेजारची तुळसाबाई डोकावली,
मी मानेनंच, नंतर ये.
चार हजार बाराला शिंक आली. गिळली.

मध्येच त्याला विचारलं, याचे कान कुठं असतात रे?
"काकू, याला हवेतलं ऐकू येत नाही.
तुम्ही बोला, शिव्या द्या, ढिम्म.
समोर पोलाद थरथरलं तरच कळतं."
म्हटलं, ओळखते मी असा एक माणूस.

नाहीतर शिट्टी मारतो, म्हणून मेणात बुडवायचा.
मेण त्यानंच आणलं, शरणपूरच्या चर्चमधली
नाताळात उरलेली मेणबत्त्यांची बुडं.
डब्यात वितळवली, बुडबुडे थांबेस्तोवर
दोघं गप्प बघत बसलो.

एकेकटा वाजवला, छान.
दोन्ही मिळून वाजवले तर आवाज नाकात गेला,
पातळ, तिसऱ्यांदा पाणी घातलेलं ताक.
त्याचा चेहरा पडला. मला मात्र कळलं.
कंपनीतल्या सगळ्या मशिनी उजव्या, सात नंबर तेवढी डावी,
माझा हात अजून तिच्याच दिशेनं भरतो.
दोघी खरंच बोलत होत्या,
पण एक ढकलायची तेव्हा दुसरी ओढायची.
उकलायचं काही नाही.
काळीच्या जागी पांढरी, पांढरीच्या जागी काळी. दोन डाग.

डीपीजवळ उभं राहिल्यासारखी गुणगुण येत होती,
त्यानं तारांवर तळवा ठेवला, थांबली.
"अर्थिंग?"
"हो काकू. ते मीच."

मग त्यानं सगळ्यांत जाडी तार छेडली
आणि टेबलावरचे माझे स्क्रू सरकले.

साडेचारशे सांगितले, पाचशे ठेवून गेला.
कॅल्क्युलेटरवर आकडा तसाच होता,
सात हजार सहाशे तीन.
ते तीन कुठून आले, कोण जाणे.
मिक्सर उघडाच पडला होता.